मोटारीचें चाक कडेस आदळलें तर

आमच्या लोणी काळभोर गांवाजवळून पुणें-सोलापूर रस्ता जातो. पूर्वीं ह्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ९ होता. २०१० सालच्या नव्या क्रमवारींत तो ६५ झाला. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा हीं शहरें घेत तो मच्छलीपट्टणच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जातो. आषाढी वारीच्या दिवसांत ज्या रस्त्यानें तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर हजारों वारकरी पायीं चालत आले, त्याच रस्त्यानें एरवीं खनिज तेलाच्या डेपोंतून भरून निघालेले टँकर, उंसाच्या ट्रॉल्या, एस. टी.च्या गाड्या आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरच्या लहान मोटारी रात्रंदिवस धांवत असतात. इतक्या दाटींत एखादें वाहन चुकवितांना मोटारीचें पुढचें चाक दुभाजकाच्या किंवा फूटपाथाच्या कडेस आदळणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. "थोडें लागलें, पण गाडी चालते आहे," असें म्हणून घरचीं माणसें पुढें जातात. तें थोडें लागणें म्हणजे काय, त्यामुळें गाडीच्या कोणत्या भागास काय होतें, आणि दुरुस्तीचा योग्य क्रम कोणता, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे. विषय गॅरेजमधला दिसला तरी त्याचीं सर्व कारणें शाळेंतील भूमितींत व पदार्थविज्ञानांत सांपडतात. म्हणून तो ह्या वार्षिकांत अस्थानीं वाटणार नाहीं अशी आम्हांस आशा आहे.

१. कडेची उंची व आघाताचें बळ

रस्त्याच्या बाजूस दगडाची किंवा काँक्रीटची जी कड असते तिचे, रस्ते बांधण्याच्या शास्त्रांत, मुख्यत्वें तीन प्रकार मानिले आहेत. पहिली सुमारें १० सेंटिमीटर उंचीची व उतरत्या तोंडाची. तिच्यावर प्रसंगीं चाक चढूं शकतें. दुसरी सुमारें १५ सेंटिमीटरची. ती चाकास बहुधा अडविते, पण निकडीच्या वेळीं तिच्यावरूनहि गाडी चढवितां येते. तिसरी सुमारें २० सेंटिमीटरची व जवळजवळ उभ्या तोंडाची. वाहनानें रस्ता सोडूं नये एवढ्याचसाठीं ती बांधितात.

आतां लहान मोटारीच्या चाकाची त्रिज्या, टायर धरून, सुमारें २८ ते ३० सेंटिमीटर असते. तेव्हां १५ सेंटिमीटरची कड म्हणजे आंसाच्या निम्म्या उंचीचा अडथळा झाला. विद्यार्थ्यांनीं कागदावर एक वर्तुळ काढावें, त्याच्या पुढें त्रिज्येच्या निम्म्या उंचीची पायरी काढावी, आणि पायरीचा कोपरा वर्तुळाच्या मध्याशीं जोडावा. ही रेषा उभी नसून बरीचशी आडवी पडलेली दिसेल. आघाताचा जोर ह्याच रेषेनें चाकाच्या मध्यावर येतो. म्हणजे कड चाकास वर उचलते त्यापेक्षां अधिक मागें ढकलते. मोटारीची स्प्रिंग खालून वर येणारे धक्के सोसण्यासाठीं केलेली आहे. समोरून मागें ढकलणारे किंवा बाजूनें आंत दाबणारे धक्के सोसण्यासाठीं नव्हे. खड्ड्यांतून सहज जाणारी गाडी एका कडेच्या आघातानें बिघडते, ती कां, ह्याचें उत्तर एवढ्या एका आकृतींत आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. गतिमान वस्तूच्या अंगीं असलेली ऊर्जा वस्तुमानाच्या निमपटीस वेगाच्या वर्गानें गुणून काढितात. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशीं २० किलोमीटर वेगानें जात असली तर ही ऊर्जा सुमारें १५,४०० जूल भरते. वेग ताशीं ४० किलोमीटर केला तर ती दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे सुमारें ६१,७०० जूल. ही सारी ऊर्जा एका चाकावर येते असें नाहीं. तथापि तिचा लहानसा अंशहि बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी दांड्यास वांकविण्यास पुरेसा असतो.

२. बैलगाडीपासून मोटारीपर्यंत

काय वांकतें हें समजण्यासाठीं चाकें वळतात कशीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. आमच्याकडील बैलगाडीस दोनच चाकें. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव ह्यांनीं सजलेलें प्रत्येक चाक आपल्या आंसावर स्वतंत्रपणें फिरतें. गाडी वळविणें हें काम बैलांचें. आंतल्या बाजूचें चाक कमी फिरतें, बाहेरच्या बाजूचें अधिक, आणि कोणतेंच घसटत नाहीं. चार चाकांच्या घोडागाडींत मात्र अडचण आली. तेथें पुढचा संपूर्ण आंस मध्यावरच्या एका खिळीभोंवतीं फिरवीत. असें वळण घेतांना गाडीचा आधार अरुंद होई व ती कलंडण्याची भीति असे.

म्यूनिक येथील गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर ह्यानें ह्यावर युक्ति काढली. तिचें इंग्लंडांतील पेटंट १८१८ सालीं लंडन येथील प्रकाशक रूडोल्फ आकरमन ह्याच्या नांवानें घेण्यांत आलें. म्हणून आजहि ती आकरमनची रचना ह्या नांवानें ओळखिली जाते. तींत आंस जागचा हलत नाहीं; त्याच्या दोन्ही टोंकांवर दोन खुंट्या असतात, व प्रत्येक चाक आपापल्या खुंटीभोंवतीं वळतें. वळण घेतांना आंतलें चाक लहान वर्तुळावर व बाहेरचें मोठ्या वर्तुळावर चालतें, म्हणून आंतल्या चाकानें अधिक वळलें पाहिजे. गणिती भाषेंत सांगावयाचें तर बाहेरच्या चाकाच्या कोनाची कोटिस्पर्शज्या ही आंतल्या चाकाच्या कोनाच्या कोटिस्पर्शज्येपेक्षां एका ठराविक अपूर्णांकानें मोठी असावी लागते. हा अपूर्णांक म्हणजे दोन खुंट्यांमधील अंतर भागिलें पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर. खुंट्यांमधील अंतर १.४ मीटर, आंसांमधील अंतर २.४ मीटर, आणि आंतलें चाक ३० अंश वळलें असें धरिलें, तर बाहेरचें चाक सुमारें २३ अंशच वळावयास हवें. प्रत्यक्ष मोटारींत ही रचना तंतोतंत पाळीत नाहींत, थोडा फरक मुद्दाम ठेवितात; परंतु मूळ तत्त्व हेंच.

आजच्या लहान मोटारींत चालकाच्या हातचें चक्र एका दांड्यानें लहान दंतचक्रास जोडलेलें असतें. तें दंतचक्र दांते पाडलेल्या आडव्या पट्टीस डावीकडे-उजवीकडे सरकवितें. ह्या पट्टीस रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही टोंकांस एकएक टाय रॉड असतो, आणि तो चाकाच्या बैठकीस, म्हणजे नकलला, धरून ओढतो वा ढकलतो. नकलच्या खालीं एक आडवा हात असतो. गॅरेजमध्यें त्यास लोअर आर्म म्हणतात. सांध्यासांध्यांत बॉल जॉइंट व रबरी बुश असतात. चक्रापासून रस्त्यापर्यंतची ही एक साखळी आहे. चाक कडेस आदळतें तेव्हां आघात ह्या साखळीच्या शेवटच्या कडीवर पडतो आणि सर्वांत दुर्बळ कडी शोधीत आंत जातो.

३. चाकाचे तीन कोन

गाडी सरळ चालावी ह्यासाठीं चाकें तीन प्रकारें नेमकीं बसविलेलीं असतात. त्यांचीं गॅरेजमधलीं नांवें टो, कॅम्बर आणि कास्टर अशीं आहेत.

टो समजणें सोपें आहे. कोणी पायांचे अंगठे आंत वळवून चालतो, कोणी बाहेर फेंकून चालतो. तशीच चाकांची गोष्ट. वरून पाहिलें असतां दोन्ही चाकांचीं पुढचीं टोंकें एकमेकांकडे वळलेलीं असलीं तर तो टो-इन, दूर गेलेलीं असलीं तर टो-आउट. हा फरक मिलिमीटरांतच मोजितात.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलें असतां चाकाचा झुकाव. चाकाचा माथा गाडीकडे कललेला आहे कीं बाहेर, हें त्यावरून कळतें.

कास्टर बाजूनें पाहावा लागतो. सायकलीचा पुढचा चिमटा उभा नसून मागें कललेला असतो. त्यामुळें चाक जमिनीस जेथें टेकतें ती जागा वळण्याच्या रेषेच्या किंचित मागें पडते, आणि चालतांना चाक आपोआप सरळ होऊं पाहतें. मोटारीचें वळण संपल्यावर चक्र हातांतून फिरत मध्यावर येतें, त्यांत ह्या कोनाचा मोठा वांटा आहे.

आतां ह्या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगतों. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांस मॅक्फर्सन पद्धतीचा उभा खांब असतो. अशा पुष्कळ गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढा टाय रॉडच्या आट्यांवर फिरवून कमीजास्त करितां येतो. कॅम्बर व कास्टर फिरवून बदलण्याची सोय नसते. ते त्या त्या भागांच्या आकारावरूनच ठरलेले असतात. ह्याचा अर्थ असा कीं, आघातानंतर कॅम्बर किंवा कास्टर चुकलेला आढळला तर कोणता तरी भाग वांकला आहे, अथवा जागचा सरकला आहे. तो बदलल्यावांचून किंवा जागेवर आणल्यावांचून दुसरा उपाय नाहीं. टो फिरवून गाडी वरवर सरळ चालविणें म्हणजे पाय मोडलेल्या माणसाच्या जोड्याची नाडी आंवळून बांधणें होय.

४. लक्षणें ओळखणें

गाडी बोलत नाहीं, परंतु खुणा पुष्कळ देते. चालकानें त्या वाचावयास शिकावें.

सपाट व सरळ रस्त्यावर चक्र हलकें धरिलें असतां गाडी एका बाजूस खेंचूं लागली, तर टायरची हवा, टायर, ब्रेक किंवा कोन ह्यांपैकीं कशांत तरी दोष आहे. येथें एक सावधगिरी घ्यावी. पाणी वाहून जाण्यासाठीं डांबरी रस्त्यास आडवा उतार ठेवितात. १०० सेंटिमीटर रुंदीस साधारण २ सेंटिमीटर. आपण डाव्या बाजूनें चालतों, म्हणून निर्दोष गाडीहि किंचित डावीकडे ओढ घेते. एका रस्त्यावरून निर्णय करूं नये.

गाडी सरळ जाते, पण चक्र तिरपें राहतें, ही दुसरी खूण. ह्याचा अर्थ बहुधा एका बाजूचा टाय रॉड वांकून आखूड झाला आहे. अथवा टो दोन्ही बाजूंनीं सारखा न फिरवितां एकाच बाजूनें फिरविला आहे.

ठराविक वेगास चक्र थरथरतें व वेग बदलल्यावर थांबतें, तर रिम वांकली आहे किंवा चाकाच्या तोलासाठीं लाविलेलें शिशाचें अगर जस्ताचें वजन आघातानें पडलें आहे, असा संशय घ्यावा. हा दोष बॅलन्सिंगचा आहे, अलाइनमेंटचा नव्हे. लोक ह्या दोहोंची गल्लत करितात.

वळण संपल्यावर चक्र मध्यावर परत येत नाहीं, वळतांना खटखट आवाज येतो, किंवा समोरून पाहतां एक चाक दुसऱ्यापेक्षां मागें सरकलेलें अथवा कललेलें दिसतें, तर गाडी पुढें चालवूंच नये.

सर्वांत भयंकर खूण मात्र मुकी असते. टायरच्या बाजूच्या भिंतींत दोऱ्यांचे थर असतात. कड व रिम ह्यांच्या चिमट्यांत सांपडून ते दोरे तुटले म्हणजे तेथें हवेच्या दाबानें लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर पंक्चरवाल्यासहि दुरुस्त करितां येत नाहीं. तो केव्हां फुटेल ह्याचा नेम नसतो. म्हणून आघातानंतर टायरची बाहेरची बाजू तर पहावीच, पण खालीं वांकून आंतली बाजूहि हातानें चांचपून पहावी.

५. तपासणीचा क्रम

कड लागल्यावर प्रथम वेग कमी करून, इशाऱ्याचे दिवे लावून, गाडी डावीकडे सुरक्षित जागीं घ्यावी. मुलांनीं व इतरांनीं गाडीच्या मागें किंवा रस्त्यावर उभें राहूं नये, कठड्यापलीकडे जावें. मग टायर, रिम, नट, गाडीखालीं गळणारें तेल किंवा पाणी हीं पहावींत. चक्र हळू दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून कोठें अडतें काय, तें पहावें. ब्रेक दाबून पहावा. टायरला फुगा असेल, चाक कललें असेल, चक्र अडत असेल किंवा सैल पडलें असेल, तर गाडी ओढून न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर साहाय्यासाठीं १०३३ व कोणत्याहि संकटांत ११२ हे क्रमांक आहेत. ते प्रत्येक मुलास पाठ असावेत.

गॅरेजमध्यें तपासणीचा क्रम बाहेरून आंत असावा. आधीं टायर व रिम. मग टाय रॉड व त्याचे बॉल जॉइंट. मग लोअर आर्म, बुश व नकल. मग खांब, चाकाचें बेअरिंग आणि रॅक. शेवटीं ह्या सर्वांस धरणारी खालची चौकट जागेवर आहे किंवा नाहीं. गाडी उचलून चाक वर-खालीं व डावीकडे-उजवीकडे हातानें हलविलें असतां सैलपणा कळतो. डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूच्या भागाशीं ताडून पाहिला असतां वांक कळतो. निसर्गानें माणसास दोन हात सारखे दिले आहेत तसेच कारखान्यानें गाडीस दिले आहेत. जें वांकलें आहे तें बदलावें, आणि सर्व बदलून झाल्यावर मगच अलाइनमेंट करावी. अलाइनमेंट हा दुरुस्तीचा आरंभ नव्हे, ती दुरुस्तीची समाप्ति आहे.

हा क्रम उलटा केला तर काय होतें, ह्याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं रात्रीं मागें दिवा नसलेली ट्रॉली चुकवितांना गाडी दुभाजकास घातली. नजीकच्या एका गॅरेजमध्यें यंत्रावर लावून टो तेवढा फिरविण्यांत आला. चक्र सरळ दिसूं लागलें, पैसे दिले, गाडी घरीं आली. महिना झाला नाहीं तोंच पुढच्या डाव्या टायरची आंतली कड झिजून दोरे दिसूं लागले. बाहेरची बाजू नव्यासारखी असल्यामुळें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. मुलगा सायकलीच्या पंपानें हवा भरावयास खालीं बसला म्हणून तें दिसलें. दुसऱ्या मिस्त्र्यानें गाडी उचलून पाहिली तों लोअर आर्म वांकलेला निघाला. यंत्रानें छापून दिलेल्या पहिल्याच कागदावर त्या चाकाचा कॅम्बर मर्यादेबाहेर असल्याचें लाल अक्षरांत होतें. तो कागद कोणी वाचलाच नव्हता. त्याच आठवड्यांत सारें कुटुंब त्या गाडीनें सोलापुरास जाणार होतें. पालकांनीं असा कागद मागून घ्यावा, दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे आंकडे ताडून पहावेत, आणि लाल आंकड्याचें कारण विचारल्यावांचून गाडी ताब्यांत घेऊं नये. विचारण्यांत मिस्त्र्याचा अपमान नाहीं. जाणता मिस्त्री उलट संतोषानें दाखवितो.

६. खडू व टेप ह्यांनीं करावयाचा प्रयोग

आजचीं यंत्रें चाकांवर पट्ट लावून कॅमेऱ्यांनीं कोन मोजितात. तरी टोचा स्थूल अंदाज विद्यार्थ्यांस वडील माणसाच्या देखरेखीखालीं घरींहि करितां येतो. गाडी सपाट जागेवर, चाकें सरळ ठेवून उभी करावी. हवा दोन्हीकडे सारखी असावी. पुढच्या दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूस, आंसाच्या उंचीवर, मध्यभागीं खडूची एकएक बारीक खूण करावी व दोन खुणांमधील अंतर मोजावें. मग गाडी हळूच पुढें ढकलावी, म्हणजे चाक अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या बाजूस, तितक्याच उंचीवर येतील. पुन्हां अंतर मोजावें. पुढचें अंतर कमी आलें तर टो-इन, अधिक आलें तर टो-आउट. गाडीखालीं कोणीहि शिरूं नये, व जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कदापि नाहीं.

तीन मिलिमीटरांचा फरक पाहून कोणी म्हणेल कीं, एवढ्यानें काय होणार? हिशेब करूं. १४ इंची रिमचा व्यास सुमारें ३५६ मिलिमीटर. रिमच्या कांठांवर मोजलेला दोन चाकांमधील टो योग्य मापापेक्षां ३ मिलिमीटरांनीं चुकला, तर दोन्ही चाकांच्या दिशांत दर ३५६ मिलिमीटरांस ३ मिलिमीटरांची फारकत झाली. एक किलोमीटर चालल्यावर हीच फारकत सुमारें ८.४ मीटर होते. चाकें तर एकमेकांपासून दूर जाऊं शकत नाहींत. तेव्हां हे ८.४ मीटर टायरच्या रबरानें रस्त्यावर आडवें घासून भरून काढावे लागतात. लोणी काळभोरपासून पुण्यापर्यंत १८ किलोमीटर धरिले तर एका खेपेस सुमारें १५१ मीटर आडवी घसट झाली. रोज जाऊन येऊन तिची दुप्पट. टायर महिन्याभरांत कां झिजतो, हें आतां निराळें सांगावयास नको.

७. भट्टी कोठें चालते व कोठें चालत नाहीं

आमच्या भागांत लोहारकाम जुनें आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर धाव चढवितांना लोहार ती तापवून लाल करितो, चाकावर बसवितो व पाण्यानें निववितो. थंड होतांना ती आखडते आणि सारें चाक आंवळून धरिते. उष्णतेनें धातु प्रसरण पावतो ह्या नियमाचें इतकें सुंदर उदाहरण पुस्तकांतहि मिळणार नाहीं. पण ह्याच अनुभवावरून कोणी वांकलेला टाय रॉड किंवा नकल भट्टींत तापवून हातोड्यानें सरळ करूं लागला, तर तो घात होय. हे भाग साध्या लोखंडाचे नसतात. पोलाद सांच्यांत दाबून घडवितात, मग ठराविक उष्णतेस तापवून, निववून, पुन्हां थोडें तापवून त्यास एकाच वेळीं कठीण व चिवट करितात. हडपसरजवळच्या मुंढवा येथें, १९६१ सालीं स्थापन झालेल्या भारत फोर्ज कंपनींत मोटारींचे असे घडीव भाग, पुढचे आंस व नकल, मोठ्या प्रमाणावर तयार होत आले आहेत. लोहाराच्या भट्टींत तो भाग लाल झाला कीं त्यास दिलेला हा पाणी उतरतो. भाग सरळ दिसतो, पण आंतून पूर्वीचा राहत नाहीं; आणि एखादे दिवशीं वळणावर तुटतो. म्हणून स्टिअरिंगचा वांकलेला भाग सरळ करूं नये, बदलावा. तडा गेलेली ॲलॉय रिमहि झाळून वापरूं नये.

चक्र तिरपें दिसतें म्हणून तें काढून सरळ बसविण्याचीहि युक्ति कोणी सुचवितात. तीहि त्याज्य आहे. एक तर तिनें चाकांचा दोष तसाच राहून खूण मात्र नाहींशी होते. दुसरें, आजच्या बहुतेक गाड्यांच्या चक्रांत एअरबॅग असते. तिला अजाण हात लागणें धोक्याचें आहे. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांत चक्राचा कोन मोजणारा सेन्सर असतो. अलाइनमेंटनंतर त्याचें शून्य पुन्हां ठरवावें लागतें.

८. कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील ९८ व्या नियमाप्रमाणें स्टिअरिंग सुस्थितींत असलें पाहिजे. चक्र फिरवितांना चाकें न हलतां जी मोकळी फिरत होते ती ३० अंशांपेक्षां अधिक नसावी. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट सुटणार नाहींत असे जखडलेले असावेत. ९४ व्या नियमाप्रमाणें मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षां कमी खोल राहतां कामा नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या १९० व्या कलमानें, दोष ठाऊक असून गाडी रस्त्यावर आणणें हा अपराध ठरतो. कायद्याचा हेतु दंड वसूल करणें एवढाच नाहीं. चुकलेल्या चाकाची गाडी आपल्या मालकासच लागते असें नाहीं. रस्त्याच्या कडेनें शाळेस निघालेल्या मुलासहि लागते.

हा धडा मोटार नसलेल्या विद्यार्थ्यांसहि लागू आहे. सायकल कडेस आपटली म्हणजे चाकास आऊट येतो. दुकानदार आरे आंवळून आऊट काढून देतो; पण चिमटा वांकला असेल तर नुसता आऊट काढून भागत नाहीं. आधीं वांकलेलें ओळखावें, तें बदलावें, मग सरळ करावें. हा क्रम लहान-मोठ्या सर्व वाहनांस एकच आहे. जें वरून सरळ दिसतें तें आंतून सरळ आहे किंवा नाहीं, हें पाहिल्यावांचून त्यावर आपल्या माणसांचा जीव सोंपवूं नये, एवढेंच आमचें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगणें आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या १,२०० किलोग्रॅमच्या मोटारीची गतिज ऊर्जा किती? वेग ताशीं ६० किलोमीटर केल्यास ती किती पट होईल?

२. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर व कड १५ सेंटिमीटर उंच असतां आघाताची रेषा जमिनीशीं किती अंशांचा कोन करील, तें आकृति काढून मोजा. कड १० सेंटिमीटर असती तर?

३. दोन चाकांमधील टो ३५६ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर २ मिलिमीटरांनीं चुकला आहे. १०० किलोमीटरांच्या प्रवासांत एकंदर आडवी घसट किती मीटर होईल?

४. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे चारी टायर, आंतली व बाहेरची कड धरून, वडील माणसाबरोबर पहा. गाडी बंद व हातब्रेक ओढलेला असावा. झीज कोठें अधिक आहे तें लिहून काढा, व कारण सांगा.